परक्या मुलखातील नाटकमंडळी आणि घरची बोली

आपला मुलूख सोडून दूर देशी जाऊन राहिलेला समाज पोटापाण्याची सोय लागली की प्रथम प्रार्थनेची जागा उभारतो, मग मुलांसाठी भाषेचा वर्ग काढतो, आणि तिसऱ्या खेपेस नाटक बसवतो. पहिल्या दोन गोष्टींची आवश्यकता कोणास पटवून द्यावी लागत नाही. नाटकाची गणना मात्र हौसेत होते. आणि हौस म्हटली की तिला नियम नको, विचार नको, टीकाही नको, अशी एक सोयीस्कर समजूत सर्वत्र रूढ आहे. ही समजूत आम्हांस मुळीच मान्य नाही. प्रार्थनेस भाषा कळली नाही तरी चालते, वर्गातील भाषा परीक्षेपुरती असते. परंतु नाटक पाहावयास बसलेल्या शेदोनशे माणसांस एकाच वाक्यावर एकाच वेळी हसू यावे लागते. परदेशात ज्या जागी ही गोष्ट घडते, ती जागा त्या समाजाच्या भाषेचा खरा चव्हाटा होय. सबब अशी मंडळी कशी बांधावी व तिच्या रंगमंचावर कोणती भाषा बोलली जावी, हा प्रश्न हौसेवर सोडून देण्याजोगा नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही पूर्व लंडनमधील बंगाली समाजाचे उदाहरण घेतो. मराठी मासिकात बंगाल्यांच्या नाटकाची उठाठेव कशास, असे कोणी विचारील. त्यास उत्तर इतकेच की, नाटकाच्या वेडात मराठी माणसाशी बरोबरी सांगणारा या उपखंडात कोणी असेल तर तो बंगालीच. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस 'सीतास्वयंवर' केले, हे आपण अभिमानाने सांगतो. बंगाली मनुष्य तितक्याच अभिमानाने १८७२ सालच्या 'नीलदर्पण'चा दाखला देतो. लंडनात महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ व बंगाल्यांचे बंग संमेलन ही दोन्ही १९८१ सालचीच अपत्ये होत. तेव्हा शेजारच्या घरात जो वाद चालला आहे तो आपल्याही ओसरीवर येऊन बसलेला आहे. आपण अद्याप त्याच्याकडे नीट पाहिलेले नाही, एवढेच.

पूर्व लंडनमधील बंगाली समाज बहुतांशी सिल्हेटचा. सिल्हेट हा पूर्व बंगालच्या ईशान्य टोकाचा मुलूख. तेथील माणसे कलकत्त्याच्या बंदरातून इंग्रजी आगबोटींवर खलाशी म्हणून गेली. बोटीच्या पोटातील भट्टीत कोळसा लोटण्याचे जीवघेणे काम त्यांच्या वाट्यास येई. त्यांतील काही लंडनच्या गोदीत उतरले ते तेथेच राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्या मागोमाग गावकरी गेले, आणि १९७० नंतर बायकामुले. कपडे शिवण्याचे कारखाने व खाणावळी यांवर या लोकांनी संसार उभे केले. ४ मे १९७८ रोजी आल्ताब अली नावाचा तरुण शिवणकामगार कामावरून घरी जात असता वंशद्वेषाने पछाडलेल्या पोरांनी त्याचा खून केला. तेव्हा हजारो लोक त्याची शवपेटी घेऊन पायी पंतप्रधानांच्या निवासस्थानापर्यंत गेले. २०२१ च्या शिरगणतीप्रमाणे टॉवर हॅम्लेट्स या विभागातील दर शंभर रहिवाशांत सुमारे ३५ बांगलादेशी वंशाचे आहेत. २००३ साली तेथील नगरपालिकेच्या पुढाकाराने बंगाली नाट्यमहोत्सवही सुरू झाला. महोत्सवाने रंगमंच मिळतो व तारीख मिळते. मंडळी मात्र मिळत नाही, ती घडवावीच लागते. आणि ती घडविताना काय होते तेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

अशा मंडळीचे सर्वसाधारण चित्र वाचकांस अपरिचित वाटणार नाही. चार सुशिक्षित गृहस्थ एकत्र येतात. त्यांतील एखाद्याने ढाक्यास किंवा कलकत्त्यास कॉलेजात काम केलेले असते. ते रवींद्रनाथांचे नाहीतर दुसऱ्या एखाद्या मान्यवर नाटककाराचे नाटक निवडतात. सभागृह तासाच्या भाड्याने मिळते, म्हणून तालमी थोड्या होतात. पात्रे पुरत नाहीत, म्हणून वस्तीतील मुलामुलींस बोलावले जाते. आणि पहिल्याच दिवशी त्यांस सांगितले जाते की, तुमची भाषा चालणार नाही. तुम्ही बोलता ती सिल्हेटी. रंगमंचावर 'शुद्ध' बोलावे लागेल. मग सहा आठवडे त्या पोरांचे उच्चार दुरुस्त करण्यात जातात. 'प'च्या ठिकाणी त्यांच्या तोंडी 'फ'कडे झुकणारा ध्वनी येतो, तो काढावयाचा. 'क' घशातून येतो, तो पुढे आणावयाचा. अभिनयास वेळ उरत नाही. प्रयोगाच्या दिवशी ती मुले शब्द चुकू नये या धास्तीने पुतळ्यासारखी उभी राहतात, आणि प्रेक्षकांत बसलेल्या आज्यांस नातवंडे काय बोलत आहेत ते निम्मेच कळते. शेवटी हार, भाषणे, छायाचित्रे. पुढच्या वर्षी मुले येत नाहीत. मग तेच गृहस्थ खेदाने म्हणतात, 'नव्या पिढीस भाषेची आस्था नाही.'

आमचे म्हणणे असे की, आस्था मुलांस होती. ती तालमीच्या खोलीत मारली गेली. परदेशातील हौशी मंडळी त्या वस्तीच्या बोलीवर व त्या वस्तीच्या आयुष्यावर उभी राहिली तरच टिकते. मायदेशाचे देव्हारे मांडून त्यापुढे वर्षातून एकदा घंटा वाजविणे हे नाटकमंडळीचे काम नव्हे.

याविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात त्यांचा आता क्रमाने विचार करू. पहिला व सर्वांत वजनदार आक्षेप भाषाशुद्धीचा. आक्षेपक म्हणतात, प्रमाण बंगाली ही एका प्रांताची मिरास नाही. रवींद्रनाथ, नझरूल, जीवनानंद यांच्यापर्यंत नेणारा तो राजरस्ता आहे. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यास तरुणांनी ज्या भाषेसाठी गोळ्या झेलल्या, जिच्यामुळे युनेस्कोने १९९९ साली तो दिवस जगाचा मातृभाषा दिन म्हणून जाहीर केला, ती भाषा रंगमंचावर शुद्ध बोलली जावी, असा आग्रह धरण्यात वावगे ते काय?

या म्हणण्यातील पूर्वार्ध आम्ही मान्य करतो. प्रमाण भाषा शिकलीच पाहिजे, आणि तिच्यासाठी वर्ग चालविणाऱ्यांविषयी आम्हांस आदर आहे. परंतु उत्तरार्ध मात्र त्या हुतात्म्यांच्या नावावर भलताच माल खपवितो. ढाक्याच्या तरुणांचा झगडा कशासाठी होता? घरात आपण जी भाषा बोलतो ती कमी प्रतीची, आणि राज्यकारभाराच्या प्रतिष्ठेसाठी दुसरी भाषा तोंडात धरली पाहिजे, असे सत्तेने सांगितले, त्याविरुद्ध तो होता. आता सिल्हेटी पोरास 'तुझ्या आजीची भाषा रंगमंचास शोभत नाही' असे त्याच हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी सांगावयाचे, यापरता दुसरा विपर्यास कोणता? सिल्हेटी काही कालपरवा जन्मलेली गावंढळ बडबड नव्हे. तिला सिल्हेटी नागरी नावाची स्वतंत्र लिपी होती व त्या लिपीत पुथ्या लिहिल्या व छापल्या गेल्या. ती बंगालीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद पंडित घालोत. नाटकवाल्यास इतके कळले तरी पुरे की, ज्या भाषेत आई रागावते तिच्यातच पात्रास खरा राग येतो.

आणि ज्या परंपरेच्या नावाने हा सोवळेपणा चालतो, ती परंपरा तरी काय सांगते? कलकत्त्यातील पहिले बंगाली नाटक एका परदेशस्थाने केले. गेरासिम लेबेदेफ नावाचा रशियन वादक २७ नोव्हेंबर १७९५ रोजी एका इंग्रजी नाटकाचे बंगाली रूपांतर बंगाली नट व नटी यांच्याकडून सादर करवून मोकळा झाला. पुढे ज्या प्रयोगाने कलकत्त्यास तिकीट लावणारी सार्वजनिक रंगभूमी सुरू झाली, तो ७ डिसेंबर १८७२ चा 'नीलदर्पण' घ्या. दीनबंधु मित्रांनी त्या नाटकात निळीच्या मळेवाल्यांनी नाडलेल्या रयतेच्या तोंडी खेड्यातील रांगडी भाषाच घातली आहे. तोराप हा शेतकरी कलकत्त्याच्या बाबूंसारखा बोलू लागला असता, तर ते नाटक दुसऱ्या दिवशी विसरले गेले असते. १९४४ साली बिजन भट्टाचार्य यांचे 'नवान्न' आले. दुष्काळात उद्ध्वस्त झालेल्या शेतकऱ्यांचे ते नाटक. त्यानेही खेड्यातील बोलीचाच आश्रय केला. तात्पर्य, बंगाली रंगभूमीने ज्या ज्या वेळी नवे पाऊल टाकले, त्या त्या वेळी ती बोलीच्या आधाराने चालली आहे.

याहून जवळचा दाखला पाहिजे असेल तर तो खुद्द लंडनचाच आहे. सय्यद शम्सुल हक हे १९७० नंतरच्या दशकात लंडनात बीबीसीच्या बंगाली विभागात नोकरीस होते. त्या विलायतेतील वास्तव्यात त्यांनी 'पायेर आवाज पावा जाय' हे मुक्तिसंग्रामावरील काव्यनाट्य लिहिले, आणि १९७६ साली ते ढाक्यास 'थिएटर' या संस्थेने रंगभूमीवर आणले. बांगलादेशाच्या नाट्यवाङ्मयातील ही एक अग्रगण्य कृती. ती लिहिताना या विद्वान कवीने कोणती भाषा घेतली? पूर्व बंगालमधील खेडुतांची. लंडनात बसलेल्या कवीस आपल्या गावच्या बोलीत काव्य दिसते, आणि त्याच लंडनातील नाटकमंडळीच्या चालकांस तीत अशुद्धता दिसते. दोष कोणाच्या दृष्टीत आहे, ते वाचकांनीच ठरवावे.

मराठी वाचकास तर हे पटवून द्यावयास नकोच. गंगाराम गवाणकर यांचे 'वस्त्रहरण' १९८० साली मालवणीत आले, तेव्हा 'ही का नाटकाची भाषा?' म्हणून नाके मुरडणारे आपल्यातही होतेच. गावातील हौशी मंडळीचीच ज्यात फजिती आहे, ते हे नाटक पुढे लंडनपर्यंत जाऊन आले. आणि मालवणीमुळे मराठीचे काही बिघडल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

आक्षेपकांची एक शंका मात्र प्रामाणिक आहे. बोलीस दार उघडले की रवींद्रनाथ बाहेर जातील, अशी त्यांस भीती वाटते. ती निराधार आहे. 'डाकघर' घ्या. हे नाटक १८ जुलै १९४२ रोजी वॉर्सा शहरात कोंडून घातलेल्या ज्यू अनाथ मुलांनी यानुष कोर्चाक यांच्या आश्रमात पोलिश भाषेत केले. थोड्याच दिवसांनी ती मुले व त्यांचे गुरू मृत्युछावणीत नेले गेले. जे नाटक पोलिश भाषेत, मरणाच्या दारात, जसेच्या तसे हृदयास भिडते, ते सिल्हेटी धाटणीच्या उच्चारांनी बाटेल असे म्हणणे म्हणजे रवींद्रनाथांची थोरवी न ओळखणे होय. रवींद्रनाथ जरूर करावेत. परंतु मुलांच्या तोंडचा नैसर्गिक हेल तसाच ठेवून करावेत.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा. ते म्हणतात, हौशी लोकांनी वर्षभर धडपडून एक कच्चे नाटक करावयाचे, त्यापेक्षा तेवढ्याच वर्गणीत ढाक्याहून किंवा कलकत्त्याहून नामांकित नट बोलवावेत. लोकांस उत्तम नाटक पाहावयास मिळेल. पाहुण्या कलावंतांस आमचा विरोध नाही. ते येतात तेव्हा डोळ्यांचे पारणे फिटते, हेही खरे. परंतु पाहुणा जेवून गेल्यावर घरच्या चुलीचे काय? विमानभाडे, हॉटेल, मानधन यांत मंडळीची तिजोरी रिकामी होते, आणि त्यांच्या सोयीची तारीख मिळावी म्हणून स्वतःच्या तालमी बंद पडतात. दोन दिवस गर्दी होते व उरलेले वर्ष सभागृहाच्या दारास कुलूप. मागे राहतात ती पाहुण्यांबरोबरची छायाचित्रे. ज्या पैशात वस्तीतील वीस मुलांस वर्षभर बोलणे, चालणे, श्वास राखणे शिकविता आले असते, तो पैसा एका रात्रीच्या कौतुकात गेला, यास व्यवहार म्हणत नाहीत.

शिवाय या म्हणण्याच्या मुळाशी अशी समजूत आहे की, कला मायदेशी पिकते आणि परदेशस्थांनी ती फक्त आयात करावी. इतिहास याच्या उलट आहे. बादल सरकार हे पेशाने अभियंते व नगररचनाकार. १९६० नंतरच्या दशकात ते नोकरीनिमित्त नायजेरियात होते. तेथे, आप्तेष्टांपासून व कलकत्त्याच्या रंगभूमीपासून हजारो कोस दूर बसून त्यांनी जी नाटके लिहिली त्यांत 'बाकी इतिहास' हे एक. १९६७ साली कलकत्त्यास 'बहुरूपी'ने ते केले. १९७३ साली, बांगलादेश स्वतंत्र होऊन जेमतेम एक वर्ष झाले असता, ढाक्याच्या 'नागरिक' या मंडळीने तिकीट लावून नियमित प्रयोग करण्याचा पायंडा पाडला, तोही याच नाटकाने. आफ्रिकेत नोकरी करणाऱ्या एका बंगाल्याच्या वहीतून ढाक्याच्या नियमित रंगभूमीचा आरंभ झाला! तेव्हा 'आम्ही परदेशातले, आमच्या हातून काय होणार' हे रडगाणे आता पुरे झाले. आपणा मराठी लोकांसही बादल सरकारांचे ऋण आहेच. सत्यदेव दुबे, अमोल पालेकर यांनी त्यांची नाटके मुंबईत आणली, आणि उलट बाजूने तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९७१ साली 'बहुरूपी'ने बंगालीत केले. तेही नाटक एका हौशी मंडळीचेच, आणि १९६७ साली राज्य नाट्यस्पर्धेत सादर झालेले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. हौशी म्हणजे कच्चे हे समीकरण मांडणाऱ्यांनी निदान आपल्याच घरचा हिशेब एकदा तपासून पाहावा.

तिसरा आक्षेप तरुणांकडून येतो. ते म्हणतात, आम्ही येथेच जन्मलो, आमचे शिक्षण व मित्र इंग्रजीत. मग नाटकही इंग्रजीतच का नको? हा प्रश्न रागाने झिडकारण्यासारखा नाही. १९७६ साली साउथॉल येथे एका शीख तरुणाचा खून झाला, त्यानंतर काही आशियाई तरुणांनी 'तारा आर्ट्स' ही मंडळी काढली, आणि १९७७ साली तिने पहिले नाटक केले ते रवींद्रनाथांच्या 'विसर्जन'चे इंग्रजी रूप. ते कार्य मोलाचे होते. इंग्रज समाजाच्या कानी आपली गोष्ट घालावयाची तर इंग्रजीच पाहिजे. परंतु ते एक काम झाले व हे दुसरे. इंग्रजी नाटकास आजी येऊन बसत नाही, आणि बसली तरी मुकीच बसते. आजोबांनी बोटीच्या पोटात काय सोसले, आजीने अठराव्या वर्षी परक्या शहरातील चौथ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात पहिला हिवाळा कसा काढला, हे ज्या शब्दांत त्यांनी मनाशी जपून ठेवले आहे, ते शब्द इंग्रजी नव्हेत. ते शब्द त्यांच्याबरोबर गेले की ती हकीगतही गेली. मात्र रंगमंचावरील नातवाने इंग्रजीत उत्तर दिले तर आम्ही त्यास हरकत घेणार नाही. घरात तो तसेच उत्तर देतो. आजी सिल्हेटीत विचारते, नातू इंग्रजीत उत्तर देतो, आणि मध्ये उभी असलेली आई दोन्हींची ओढाताण सोसते, हेच आजच्या त्या वस्तीचे नाटक आहे. ते लिहावयाचे सोडून जमीनदारांच्या वाड्यातील दुःखे पाठ करणे म्हणजे समोरच्या विहिरीकडे पाठ करून मृगजळामागे धावणे होय.

आता आक्षेपांचे खंडन पुरे. मंडळी बांधावी कशी, याविषयीही आम्हांस काही स्पष्ट सूचना करावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट तालमीच्या वेळेची. खाणावळीतील मनुष्य मध्यरात्री मोकळा होतो, आणि शनिवार-रविवार हे त्याचे सर्वांत कष्टाचे दिवस. तरीही तालमी नेमक्या शनिवार-रविवारी सायंकाळी ठेवल्या जातात, कारण त्या वेळा कचेरीतील गृहस्थांस सोयीच्या. अशाने मंडळी 'समाजाची' राहत नाही. ती चार बाबूंची होते. ज्यांच्या आयुष्यावर नाटक लिहावयाचे त्यांच्या सुट्टीचा दिवस पाहून तालीम ठेवावी, मग तो सोमवार असो की मंगळवार. साधनांची सबब कोणी सांगू नये. मुनीर चौधरी यांनी 'कबर' हे नाटक ढाक्याच्या तुरुंगात लिहिले आणि २१ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री तुरुंगातील दिवे मालविल्यावर राजबंद्यांनी ते कंदिलांच्या उजेडात केले. ज्यांच्याजवळ गरम केलेले सभागृह आहे त्यांनी साधने नाहीत असे म्हणू नये.

दुसरी गोष्ट संहितेची. तिसऱ्या पिढीतील कित्येक मुलांस बंगाली लिपी वाचता येत नाही. परंतु कानाने भाषा येते. त्यांच्या हाती रोमन लिपीत लिहिलेली नक्कल दिली तर शिष्टांस तो अधर्म वाटतो. आम्हांस वाटत नाही. लिपी येत नाही म्हणून ज्या मुलास दारातून परत पाठविले ते पुन्हा येत नाही. ज्यास रोमन नकलेवर उभे केले ते एखादे वेळी तिसऱ्या नाटकापर्यंत लिपी स्वतः होऊन शिकते. क्रम उलटा करून मुलांस गमावण्यात पांडित्य असेल, शहाणपण नाही. संहिता लिहिणारा मात्र वस्तीतलाच पाहिजे. प्रथम म्हाताऱ्या माणसांच्या हकीगती ऐकाव्यात, त्यांच्याच शब्दांत उतरून घ्याव्यात, आणि त्यातून प्रवेश रचावेत. पहिले नाटक फसेल, दुसरेही कदाचित फसेल. तरी लिहिणाऱ्यास टाकू नये. फसलेल्या नाटकांवाचून नाटककार कोठेही तयार झालेला नाही.

तिसरी गोष्ट स्त्रियांची. १८७३ साली कलकत्त्याच्या बेंगाल थिएटरने स्त्रियांस रंगमंचावर घेतले, त्यास दीडशे वर्षे होऊन गेली. तरी परदेशातील मंडळ्यांत स्त्रियांच्या वाट्यास पोशाख शिवणे, सामोसे तळणे आणि अखेरीस व्यासपीठावर हार आणून देणे हीच कामे येतात, हे लाजिरवाणे आहे. धार्मिक संकोचामुळे कित्येक घरांतून मुलीस नाटकात पाठविण्यास आढेवेढे घेतले जातात, हे आम्ही जाणतो, आणि त्या संकोचाची टर उडविणे आम्हांस पसंत नाही. त्यावर उपाय एकच : चालकांनी त्या घरी स्वतः जावे, आईवडिलांस तालमीस येऊन बसण्यास सांगावे, आणि मुलगी घरी वेळेवर व सुरक्षित पोहोचेल याची हमी घ्यावी. विश्वास मागून मिळत नाही, तो असा संपादावा लागतो. आणि घरची बोली ज्यांच्या तोंडी सर्वांत ताजी राहिली आहे, त्या स्त्रियाच होत; त्यांना विंगेत ठेवून बोलीचे नाटक करू म्हणणे व्यर्थ आहे.

चौथी गोष्ट तिकिटाची व टीकेची. १८७२ साली बागबाजारच्या हौशी मंडळीत तिकीट लावण्यावरून व 'नॅशनल' या भपकेबाज नावावरून कडाक्याचा वाद झाला, आणि गिरीशचंद्र घोष काही काळ दूर राहिले. अपुऱ्या तयारीने लोकांकडून पैसे घेऊ नयेत, हे त्यांचे म्हणणे आजही प्रत्येक हौशी मंडळीने भिंतीवर लिहून ठेवावे. परंतु त्यातून फुकट नाटक करावे असा अर्थ काढू नये, तयारी पुरी करावी असा काढावा. तिकीट थोडे असावे, पण असावे. पैसे देऊन बसलेला मनुष्य कंटाळला तर बोलून दाखवितो. आणि परदेशातील मंडळ्यांस आज अशा बोलण्याचीच सर्वांत मोठी उणीव आहे. 'आपलीच माणसे, आपलीच मुले, किती छान केले' या स्तुतीने जितक्या मंडळ्या मेल्या तितक्या निंदेने मेल्या नसतील. प्रयोगानंतर अर्धा तास प्रेक्षकांस बोलू द्यावे व नटांनी निमूट ऐकावे, हा नियम ज्या मंडळीस पाळता येईल ती दहा वर्षे जगेल, असे आम्ही खात्रीने सांगतो.

हे सर्व बंगाल्यांस उद्देशून लिहिले असले तरी आमच्या वाचकांपैकी ज्यांचे मुलगे-सुना, लेकी-जावई दूर देशी आहेत, त्यांनी ते आपल्यासही लागू आहे असे समजावे. गणेशोत्सवात कोणती नाटके होतात, त्यांत कोल्हापूरच्या, वऱ्हाडच्या, खानदेशच्या मुलांस 'पुणेरी बोला' म्हणून कोण दटावतो, आणि नातवंडे पुढच्या वर्षी का येत नाहीत, हे त्यांनी एकदा पत्राने विचारून पाहावे. भाषा टिकविण्याच्या नावाखाली आपण पुष्कळ ठिकाणी ती बोलणाऱ्यांस गप्प बसवीत आहोत. ज्या रंगमंचावर आजीची भाषा चालत नाही, तो रंगमंच कितीही सजविला तरी आजी आणि नातू यांच्यामध्ये उभारलेली आणखी एक भिंतच ठरतो. ती भिंत पाडण्यास मोठे नट लागत नाहीत, मोठा निधी लागत नाही. मंडळीच्या चालकाने पहिल्या तालमीस आलेल्या मुलास 'तू घरी कसा बोलतोस, तसे बोल' एवढे म्हटले की पहिली वीट निघते. आणि ते म्हणण्यास आजचा दिवस पुरेसा चांगला आहे.